प्रायमरी इयर्स प्रोग्रॅम

प्रायमरी इयर्स प्रोग्रॅम, संक्षेपाने पीवायपी, हा इंटरनॅशनल बॅकलॉरिएट अर्थात आयबी या संस्थेचा ३ ते १२ वर्षे वयाच्या मुलांसाठी आखलेला शिक्षणक्रम आहे. तो १९९७ मध्ये सुरू झाला. आंतरराष्ट्रीय शाळांच्या पूर्वप्राथमिक व प्राथमिक वर्गांत शिकविल्या जाणाऱ्या प्रमुख शिक्षणक्रमांत त्याची गणना होते. या शिक्षणक्रमात सर्व शाळांना समान असे नेमलेले पाठ्यपुस्तक नाही आणि संस्थेची बाह्य परीक्षाही नाही. मुलांच्या प्रश्नांपासून निघून संकल्पनांपर्यंत पोहोचणारे पृच्छाधारित अध्ययन हा त्याचा गाभा आहे.

पाठ्यपुस्तक, गृहपाठ आणि गुणपत्रिका यांच्या आधारे ज्यांचे शिक्षण झाले, अशा पालकांना या पद्धतीत मुलाला कोणती मदत करावी असा प्रश्न पडतो. पीवायपीने पालकांना शाळेच्या अध्ययन समुदायाचे घटक मानले आहे. घरची भाषा, घरातील संभाषण आणि कुटुंबाचा अनुभव या तीन गोष्टींना या शिक्षणक्रमात प्रत्यक्ष अभ्यासाचे साधन म्हणून स्थान मिळू शकते. त्यामुळे इंग्रजी न येणाऱ्या किंवा अल्पशिक्षित पालकांचा वाटाही त्यात महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी व इतिहास

पहिल्या महायुद्धानंतर जिनिव्हा येथे राष्ट्रसंघ व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांची कार्यालये उभी राहिली. निरनिराळ्या देशांतून तेथे आलेल्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी १९२४ मध्ये जिनिव्हा आंतरराष्ट्रीय शाळेची स्थापना झाली. त्याच वर्षी जपानमध्ये योकोहामा आंतरराष्ट्रीय शाळाही सुरू झाली. अशा शाळांपुढे दोन प्रश्न होते. पालकांची बदली झाल्यावर मुलाचे शिक्षण दुसऱ्या देशात अखंड कसे चालावे, आणि अनेक राष्ट्रांची मुले एकत्र शिकत असताना कोणा एका देशाचा अभ्यासक्रम सर्वांवर न लादता काय शिकवावे. जिनिव्हाच्या शाळेच्या प्रमुख मारी-तेरेझ मोरेत यांनी १९४८ मध्ये युनेस्कोसाठी शांततेच्या शिक्षणपद्धतींविषयी एक पुस्तिका लिहिली. आंतरराष्ट्रीय शिक्षणाविषयीच्या आरंभीच्या लेखनात तिला महत्त्वाचे स्थान आहे.

विद्यापीठप्रवेशासाठी अनेक देशांत ग्राह्य धरली जाईल अशी पदविका देण्याच्या हेतूने १९६८ मध्ये जिनिव्हा येथे आयबी संस्था स्थापन झाली. प्रारंभीची सुमारे पंचवीस वर्षे तिचे कार्य उच्च माध्यमिक स्तरापुरते मर्यादित होते. माध्यमिक स्तरासाठीचा मिडल इयर्स प्रोग्रॅम १९९४ मध्ये आला. दरम्यान काही आंतरराष्ट्रीय शाळांच्या शिक्षकांनी एकत्र येऊन प्राथमिक स्तरासाठी समान शिक्षणक्रम घडविण्याचे काम हाती घेतले होते. ‘इंटरनॅशनल स्कूल्स करिक्युलम प्रोजेक्ट’ या नावाच्या त्या उपक्रमाचे काम आयबीने १९९७ मध्ये आपल्याकडे घेतले आणि त्यातून पीवायपी आकाराला आला. २०१८ मध्ये त्याची सुधारित मांडणी प्रसिद्ध झाली. तीत मुलाचे मत, निवड आणि अभ्यासावरील त्याचा स्वतःचा हक्क यांवर अधिक भर देण्यात आला.

रचना

सहा सूत्रे

पीवायपीची मांडणी विषयांच्या सीमा ओलांडणाऱ्या सहा सूत्रांभोवती केलेली आहे.

• आपण कोण आहोत : स्वत्व, आरोग्य, नातेसंबंध, हक्क व कर्तव्ये.
• स्थळकाळातील आपले स्थान : घरे, प्रवास, स्थलांतर, इतिहास, पूर्वज.
• आपण स्वतःला कसे व्यक्त करतो : कला, भाषा, श्रद्धा, सण-उत्सव, सौंदर्यदृष्टी.
• जगाचे चलनवलन कसे होते : निसर्गनियम, विज्ञान, तंत्रज्ञान.
• आपण आपली व्यवस्था कशी लावतो : संस्था, बाजार, निर्णयप्रक्रिया, श्रमविभागणी.
• पृथ्वीवरील सहजीवन : साधनसंपत्तीचे वाटप, इतर सजीव, शांतता व संघर्षनिवारण.

प्राथमिक इयत्तांत प्रत्येक वर्षी ही सहाही सूत्रे अभ्यासली जातात. एकेका सूत्राच्या अभ्यासाला पृच्छा घटक म्हणतात व तो साधारणतः काही आठवडे चालतो. सर्व इयत्तांचे घटक एकत्र मांडणारा तक्ता शाळा तयार करते. त्यावरून मूल वर्षभरात काय शिकणार आहे हे पालकांना आधीच कळू शकते.

पृच्छा घटकाचे स्वरूप

प्रत्येक घटकाला एक मध्यवर्ती विचार असतो आणि त्याच्या अनुषंगाने पृच्छेच्या तीन-चार दिशा ठरविलेल्या असतात. उदाहरणार्थ, ‘पाण्याच्या उपलब्धतेवर माणसांचे जगणे अवलंबून असते’ हा मध्यवर्ती विचार घेतला, तर पाण्याचे स्रोत, पाण्याचे वाटप आणि टंचाईला तोंड देण्याचे मार्ग या तिच्या दिशा होऊ शकतात. मुले घरातील पाण्याचा वापर मोजतात, त्याचा आलेख काढतात, बाष्पीभवनाचा प्रयोग करतात, विहीर व धरण यांची माहिती मिळवतात आणि शेवटी आपल्या वर्तनात काय बदल करता येईल हे ठरवतात. या एका घटकात गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे व भाषा एकत्र येतात. घटकांत न बसणारी कौशल्ये, जसे अक्षरओळख, वाचन, पाढे, हातचा घेऊन करायची बेरीज, यांसाठी स्वतंत्र तासिका ठेवाव्या लागतात. चांगल्या शाळांत त्या नियमितपणे घेतल्या जातात.

संकल्पना, कौशल्ये व गुण

विचाराला दिशा मिळावी म्हणून पीवायपीमध्ये सात मुख्य संकल्पना सांगितल्या आहेत. रूप, कार्य, कारण, बदल, संबंध, दृष्टिकोन आणि जबाबदारी. यांतील प्रत्येक संकल्पना एका साध्या प्रश्नाच्या रूपात मांडली जाते. ते कसे आहे? ते कसे चालते? ते असे का आहे? ते कसे बदलत आहे? त्याचा इतर गोष्टींशी काय संबंध आहे? त्याकडे आणखी कोणत्या बाजूंनी पाहता येईल? आणि आपली जबाबदारी कोणती?

विचार, संशोधन, संप्रेषण, सामाजिक वर्तन व स्वव्यवस्थापन हे कौशल्यांचे पाच गट आहेत. भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे, कला आणि वैयक्तिक, सामाजिक व शारीरिक शिक्षण अशी सहा विषयक्षेत्रे आहेत. याखेरीज आयबीच्या सर्व शिक्षणक्रमांना समान असे विद्यार्थ्याच्या दहा गुणांचे वर्णन आहे. त्यात जिज्ञासा, ज्ञान, विचारशीलता, संवादक्षमता, तत्त्वनिष्ठा, खुले मन, आस्था, धाडस, समतोल व आत्मपरीक्षण यांचा समावेश होतो.

भाषाविषयक धोरण

पीवायपी कोणत्याही एका भाषेशी बांधलेला नाही. तत्त्वतः तो कोणत्याही भाषेतून शिकविता येतो. मुलाच्या वयाच्या सातव्या वर्षापासून शाळेने माध्यमभाषेखेरीज आणखी एक भाषा शिकवावी, शाळेचे लिखित भाषाधोरण असावे आणि मुलांच्या मातृभाषेला आधार मिळावा, अशा अपेक्षा आयबीने शाळांपुढे ठेवल्या आहेत. प्रत्यक्षात बहुसंख्य आंतरराष्ट्रीय शाळांचे माध्यम इंग्रजी असते.

मातृभाषेच्या आधाराला शास्त्रीय कारण आहे. कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ पासून केलेल्या मांडणीनुसार दैनंदिन बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा या दोन वेगळ्या क्षमता आहेत. नव्या भाषेत खेळण्या-बोलण्याइतकी सफाई मूल साधारण एक ते दोन वर्षांत मिळवते. मात्र कारणमीमांसा करणे, तुलना करणे, अमूर्त कल्पना मांडणे यांसाठी लागणारी भाषा समवयस्कांच्या बरोबरीने येण्यास पाच ते सात वर्षे किंवा अधिक काळ लागतो. एका भाषेत आत्मसात झालेली संकल्पना दुसऱ्या भाषेत नव्याने शिकावी लागत नाही. तिच्यासाठी केवळ नवा शब्द शिकावा लागतो, असेही कमिन्स यांचे प्रतिपादन आहे. म्हणूनच इंग्रजी लवकर यावे या हेतूने घरातील भाषा बंद करणे मुलाच्या हिताचे नसते. पालकांचे इंग्रजी तोडकेमोडके असेल, तर मुलाला घरी समृद्ध भाषा एकही मिळत नाही. मराठीत मिळणाऱ्या म्हणी, विनोद, नातेवाचक शब्द व गोष्टी हरवतात आणि त्यांच्या जागी इंग्रजीचा तेवढा सकस पर्याय येत नाही. आजी-आजोबांशी मनमोकळे बोलता न येणे हा त्याचा पुढचा परिणाम असतो. तो शाळेच्या कोणत्याही अहवालात दिसत नाही.

मूल्यमापन

पीवायपीच्या शेवटी आयबी कोणतीही बाह्य परीक्षा घेत नाही. मूल्यमापन शाळेचे शिक्षकच करतात आणि ते वर्षभर चालते. निरीक्षणाच्या नोंदी, छायाचित्रे, मुलांचे लेखन, निकषतक्ते आणि पोर्टफोलिओ ही त्याची साधने आहेत. पोर्टफोलिओत मुलाच्या कामाचे वेळोवेळी निवडलेले नमुने एकत्र ठेवलेले असतात. त्यामुळे जूनमधले लेखन आणि मार्चमधले लेखन शेजारी ठेवून प्रगती पाहता येते.

पालकांसाठी होणाऱ्या भेटी अनेक प्रकारच्या असतात. काही भेटींत केवळ शिक्षक व पालक बोलतात, काहींत मूलही सहभागी होते. विद्यार्थीप्रणीत भेटीत मूल स्वतः आपल्या पालकांना आपले काम दाखवते, काय जमले व काय जमले नाही ते सांगते आणि पुढचे उद्दिष्ट ठरवते. त्या वेळी शिक्षक मागे राहतात.

शिक्षणक्रमाच्या अंतिम वर्षी मुले ‘एक्झिबिशन’ नावाचा समारोपप्रकल्प करतात. आपल्याला महत्त्वाचा वाटणारा एखादा प्रश्न निवडून ती गटाने किंवा एकेकट्याने काही आठवडे त्याचा शोध घेतात, जाणकारांना भेटतात आणि शेवटी पालक व शाळेपुढे त्याचे सादरीकरण करतात.

पालकांची भूमिका

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जॉइस एप्स्टाइन यांनी पालकांच्या सहभागाचे सहा प्रकार सांगितले आहेत. मुलाचे संगोपन, शाळेशी संपर्क, स्वयंसेवा, घरी शिकण्यास साहाय्य, शाळेच्या निर्णयांत सहभाग आणि समाजातील इतर घटकांशी सहकार्य. शाळेच्या कार्यक्रमांना उपस्थित राहणे म्हणजेच सहभाग, अशी समजूत अनेकदा आढळते. ही वर्गवारी पाहता उपस्थिती हा त्याचा एक लहान भाग आहे. कामाच्या वेळेमुळे शाळेत जाऊ न शकणारे पालकही घरी मोलाचे साहाय्य करू शकतात.

घरातील संभाषण

‘आज शाळेत काय शिकवले?’ या प्रश्नाला लहान मुले बहुधा ‘काही नाही’ असे उत्तर देतात. पृच्छाधारित वर्गात ‘शिकवले’ असे वेगळे दाखविता येण्यासारखे थोडेच असते, हेही त्याचे एक कारण आहे. त्याऐवजी ‘आज कोणता प्रश्न विचारलास?’, ‘कोणाचे म्हणणे तुला पटले नाही?’, ‘कालपेक्षा आज काय वेगळे वाटले?’ असे विचारल्यास मूल बोलते होते. वर उल्लेखिलेल्या सात संकल्पनांचे प्रश्न घरगुती प्रसंगांनाही लागू पडतात. भाजीचे भाव का वाढले, पाण्याची टाकी कशी भरते, जुना पूल पाडून नवा का बांधत आहेत, याविषयी मराठीत झालेली चर्चा वर्गातील पृच्छेचाच भाग ठरते. उत्तर ठाऊक नसल्यास ‘आपण मिळून शोधू’ असे म्हणणारा पालक या पद्धतीला अधिक पोषक असतो.

कुटुंबाचा अनुभव

अनेक पृच्छा घटकांना लागणारे ज्ञान पुस्तकांपेक्षा घरातील वडीलधाऱ्यांकडे अधिक असते. वर दिलेल्या पाण्याच्या घटकासाठी १९७२ चा महाराष्ट्रातील दुष्काळ पाहिलेली आजी दुष्काळी कामांवर फोडलेली खडी, मुलांना वाटली जाणारी सुकडी आणि आटलेल्या विहिरी यांविषयी सांगू शकते. तिचे निवेदन मराठीत ध्वनिमुद्रित करून मुलाने वर्गात त्याचा आशय सांगितला, तर तो एक अस्सल मौखिक साधनस्रोत ठरतो. ‘जगाचे चलनवलन’ या सूत्रात चंद्रकलांचा अभ्यास असताना भिंतीवरील दिनदर्शिकेतील तिथी पाहणे, ‘आपली व्यवस्था’ या सूत्रात वाण्याचे दुकान किंवा रिक्षाथांबा यांचे कामकाज पाहणे, ‘स्थळकाळ’ या सूत्रात कुटुंबाने गाव केव्हा व का सोडले हे विचारणे, ही अशीच उदाहरणे आहेत. आई-वडील गवंडी, परिचारिका, वाहनचालक किंवा शेतकरी असतील, तर त्यांच्या कामातील कौशल्य हेच वर्गासाठी अभ्याससाहित्य होऊ शकते. यासाठी चालू घटकाचा विषय पालकांना आधी कळणे आवश्यक असते. शाळा तो कळवत नसल्यास पालकांनी तो मागून घ्यावा.

वाचन व लेखन

रोज पंधरा-वीस मिनिटे मुलासोबत वाचन करणे हे सर्वांत सोपे साहाय्य आहे. ते घरच्या भाषेत करावे. मूल स्वतः वाचू लागल्यावरही मोठ्याने वाचून दाखविणे थांबवू नये, कारण ऐकून समजण्याची क्षमता काही वर्षे वाचनक्षमतेच्या पुढे असते. मराठी वाचनासाठी बालभारतीचे १९७१ पासून प्रसिद्ध होणारे ‘किशोर’ मासिक आणि प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’ या संकेतस्थळावरील विनामूल्य चित्रपुस्तके उपलब्ध आहेत. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलाला देवनागरी लिपी वाचता येईल, पण लिहिण्याचा सराव राहणार नाही, अशी स्थिती पुष्कळदा येते. वाणसामानाची यादी, आजोबांना पत्र, सणाचे निमंत्रण असे खरे प्रयोजन असलेले लेखन त्यावर उपयोगी पडते.

गणित

पीवायपीमध्ये बेरीज-वजाबाकीच्या एकाहून अधिक रीती शिकवल्या जातात व मुलाने आपली रीत समजावून सांगावी अशी अपेक्षा असते. घरी पालक आपली रीत सक्तीने शिकवू लागले की मूल गोंधळते. ‘तू कसे केलेस ते मला सांग’ असे आधी म्हणावे, मग आपली रीत एक पर्याय म्हणून दाखवावी. पाढे पाठ असणे मात्र कोणत्याही पद्धतीत उपयुक्तच असते. तोंडी हिशेब सहज झाला तर मुलाचे लक्ष मूळ प्रश्नाकडे राहते. जुन्या शाळांतील पावकी, निमकी व पाऊणकी आजोबांकडून ऐकणे हा अपूर्णांकांचा चांगला परिचय ठरतो. स्वयंपाकघरातील वाटी-चमच्याची मापे, बाजारातील सुटे पैसे, प्रवासाचे वेळापत्रक यांतून मापन व वेळ यांचा सराव होतो.

गृहपाठ व प्रकल्प

हॅरिस कूपर व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये घेतलेल्या संशोधनाच्या आढाव्यानुसार गृहपाठ आणि शैक्षणिक यश यांचा संबंध वरच्या इयत्तांत अधिक व प्राथमिक इयत्तांत क्षीण दिसतो. पीवायपी शाळांत गृहपाठ कमी असण्यामागे असा विचार असतो. पालक मात्र वह्या रिकाम्या पाहून अस्वस्थ होतात व शिकवणी लावतात. मुलाला एखादी विशिष्ट अडचण असेल तर शिकवणीचा उपयोग होऊ शकतो. केवळ रिकामा वेळ भरण्यासाठी लावलेली शिकवणी खेळ, झोप व वाचन यांचा वेळ घेते.

याउलट प्रकल्पांच्या बाबतीत पालकांचा हात जास्त चालतो. थर्माकोलची सुबक प्रतिकृती, संगणकावर छापलेले तक्ते व विकत आणलेली चित्रे यांतून मुलाचे अध्ययन कळत नाही. शिक्षकांना मूल्यमापन करता येत नाही आणि ‘आपले काम पुरेसे चांगले नसते’ हा धडा मूल शिकते. साहित्य मिळवून देणे, वेळेचे नियोजन करण्यास मदत करणे, एखाद्या जाणकाराशी गाठ घालून देणे आणि सादरीकरणाचा सराव ऐकणे एवढीच पालकांची मर्यादा मानली जाते. एक्झिबिशनच्या वेळी ही मर्यादा विशेष महत्त्वाची असते.

मूल्यमापन समजून घेणे

वर्णनात्मक अहवालात गुण व क्रमांक नसल्याने तो वाचण्यास अवघड वाटतो. अशा वेळी शिक्षकांना तीन नेमके प्रश्न विचारणे उपयुक्त ठरते. वयाच्या मानाने माझ्या मुलाचे वाचन व अंकज्ञान कोठे आहे? गेल्या भेटीनंतर कोणता बदल दिसला, तो कोणत्या कामातून दिसतो? घरी करण्याजोगी एक गोष्ट कोणती? वाचनात किंवा गणनेत मूल खरोखर मागे पडत असेल, तर सौम्य वर्णनात ती बाब झाकली जाण्याचा संभव असतो. म्हणून पहिला प्रश्न आवर्जून विचारावा. विद्यार्थीप्रणीत भेटीत पालकांनी मुलाचे पूर्ण ऐकून घ्यावे. तुलना, दोषदर्शन व शिक्षकांशी स्वतंत्र चर्चा त्या वेळी टाळावी. आपली भाषा बोलणारा दुभाषी किंवा शिक्षक मागण्यास पालकांनी संकोच करू नये.

प्रशंसा करतानाही काही पथ्ये उपयोगी पडतात. क्लॉडिया म्युलर व कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हुशारीबद्दल प्रशंसा झालेल्या मुलांनी अपयशानंतर लवकर धीर सोडला. प्रयत्नांबद्दल प्रशंसा झालेली मुले अधिक टिकून राहिली.

शाळा व देश बदलणारी मुले

पालकांच्या नोकरीमुळे परदेशात वाढणाऱ्या मुलांसाठी रूथ हिल युसीम यांनी ‘तृतीय संस्कृतीतील मुले’ अशी संज्ञा रूढ केली. भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा त्यांनी १९५० च्या दशकात अभ्यास केला होता. अशा मुलांना मित्र, शिक्षक व घर वारंवार सोडावे लागते. बदलीची बातमी मुलाला वेळेवर सांगणे, निरोप घेण्यास अवधी देणे, पोर्टफोलिओ व शाळेचा घटकतक्ता सोबत नेणे आणि घरच्या भाषेत सातत्य राखणे यांनी बदल सुसह्य होतो. परतल्यावर राज्य मंडळाच्या शाळेत जाणाऱ्या मुलाला मराठी लेखन, वेळेत उत्तरे लिहिणे व पाठ्यपुस्तकातून अभ्यास करणे यांची तयारी काही महिने आधीपासून करून घ्यावी लागते.

भारत व महाराष्ट्र

भारतातील आयबीचा आरंभ कोडाईकनाल आंतरराष्ट्रीय शाळेत १९७६ मध्ये पदविका स्तरावर झाला. पुढे महानगरांतील खासगी शाळांत पीवायपीचा प्रसार झाला. या शाळांचे शुल्क सर्वसामान्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेर असते. या पार्श्वभूमीवर बृहन्मुंबई महानगरपालिकेने २०२२ मध्ये विले पार्ले येथील आपल्या शाळेत आयबीचा आणि माटुंगा येथील शाळेत केम्ब्रिजचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यामुळे आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम सामान्य उत्पन्नाच्या घरांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग खुला झाला आणि पालकांना या पद्धतीची ओळख त्यांच्याच भाषेत करून देण्याची निकड वाढली.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याच्या कलम २९ मध्ये शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावे असे म्हटले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही किमान पाचवीपर्यंत, शक्यतो आठवीपर्यंत, मातृभाषा किंवा स्थानिक भाषा हे माध्यम असावे अशी शिफारस केली. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी हा विषय अनिवार्य करण्यात आला. २०२०-२१ या शैक्षणिक वर्षात पहिली व सहावीपासून टप्प्याटप्प्याने त्याची अंमलबजावणी सुरू झाली. आंतरराष्ट्रीय शाळेत आठवड्याच्या काही तासिकांपुरती उरलेली मराठी जिवंत राहणे हे मुख्यतः घरावर अवलंबून असते.

घर व शाळा यांच्या नात्याचा विचार महाराष्ट्रात जुना आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ या कार्यात त्यांच्या सहकारी होत्या. पुढे हे कार्य कोसबाड येथे गेले. परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतून शिक्षणसाहित्य तयार करणे आणि वस्तीच्या अंगणात शाळा नेणे ही त्यांच्या अंगणवाडीची वैशिष्ट्ये होती. त्यांचा पीवायपीशी थेट संबंध नाही, परंतु मुलाच्या परिसरातून व अनुभवातून शिक्षण सुरू व्हावे हे तत्त्व दोन्हींत समान आहे.

तत्सम अभ्यासक्रम

केम्ब्रिज प्रायमरी हा ५ ते ११ वर्षे वयोगटासाठीचा अभ्यासक्रम सहा टप्प्यांत विभागलेला आहे. इंग्रजी, गणित व विज्ञान यांसाठी त्यात टप्प्यागणिक उद्दिष्टे दिलेली असतात आणि शेवटी ‘प्रायमरी चेकपॉइंट’ ही चाचणी घेता येते. २००० मध्ये सुरू झालेला इंटरनॅशनल प्रायमरी करिक्युलम विषयसूत्रांवर आधारित आहे. त्यातील प्रत्येक घटकाच्या आरंभी मुलांना आधीपासून काय माहीत आहे याची नोंद घेतली जाते व समारोपाच्या कार्यक्रमाला पुष्कळदा पालकांना बोलावले जाते. पीवायपीच्या तुलनेत केम्ब्रिजमध्ये विषयनिहाय उद्दिष्टे अधिक स्पष्ट असल्याने पालकांना प्रगतीचा अंदाज घेणे सोपे जाते.

टीका व मर्यादा

पीवायपीवरील प्रमुख आक्षेप अध्यापनपद्धतीविषयी आहे. पॉल कर्शनर, जॉन स्वेलर व रिचर्ड क्लार्क यांनी २००६ मधील लेखात असे प्रतिपादन केले, की नवशिक्या विद्यार्थ्याला अल्प मार्गदर्शनात स्वतः शोधण्यास सोडले तर त्याच्या स्मरणशक्तीवर ताण येतो आणि थेट, पायरीपायरीने केलेले अध्यापन अधिक परिणामकारक ठरते. पीवायपीचे समर्थक सांगतात, की या शिक्षणक्रमातील पृच्छा शिक्षकाने आखलेली व मार्गदर्शित असते. उभय पक्षांना मान्य असलेली बाब ही, की वाचन व अंकगणित यांचा पाया पद्धतशीर सरावाशिवाय पक्का होत नाही. शिक्षक पुरेसे प्रशिक्षित नसतील किंवा वारंवार बदलत असतील, तर पृच्छेच्या नावाखाली केवळ हस्तव्यवसाय चालतो आणि त्याची झळ घरी आधार नसलेल्या मुलांना सर्वाधिक बसते.

दुसरा आक्षेप सामाजिक आहे. महाग शुल्कामुळे वर्गात एकाच आर्थिक स्तरातील मुले जमतात व ‘खुले मन’ हा गुण पुस्तकी राहण्याचा धोका असतो. आंतरराष्ट्रीयता ही वेशभूषा, खाद्यपदार्थ आणि ध्वज यांच्या वार्षिक उत्सवापुरती उरते, अशीही टीका होते. अध्ययन समुदायाची कल्पना उदार असली तरी शाळेची पत्रे, सभा व संज्ञा इंग्रजीत असल्याने ती सर्व पालकांपर्यंत पोहोचत नाही. पालकसभा स्थानिक भाषेत घेणे, चालू घटकाची माहिती सोप्या मराठीत कळविणे व घरच्या भाषेत केलेले मुलाचे काम वर्गात स्वीकारणे हे त्यावरील उपाय आहेत. यांपैकी एकालाही मोठा खर्च लागत नाही. ते अमलात येतात की नाही, हे प्रवेशापूर्वी पालकांनी शाळेला विचारण्याजोगे आहे.